ग्राफिक्स कार्डाचा ब्रँड ठरवण्याआधी घरचा पीसी उघडून पाहा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या तोंडावर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या संगणक दुकानापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : "गेमिंगसाठी एनव्हिडियाचे कार्ड घेऊ की एएमडीचे?" विचारणाऱ्या पालकांच्या खिशात तीस-चाळीस हजार रुपये असतात, मुलाच्या मनात ब्रँड पक्का झालेला असतो, आणि ज्या पीसीत ते कार्ड बसायचे आहे तो घरी टेबलाखाली धूळ खात असतो. त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. संगणक जुळणी आणि दुरुस्तीच्या कामातल्या आम्हा काही वाचकांचे म्हणणे असे, की ब्रँडचा निम्मा निर्णय तो टेबलाखालचा पीसीच करून ठेवतो. उरलेला निम्मा कार्डावरची मेमरी आणि त्या दिवशीचा भाव करतो. हे उलट्या क्रमाने केले की पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी नावांचा गुंता सोडवू. गेमिंग कार्डाची मुख्य चिप आपल्या बाजारात तिघांची असते : एनव्हिडियाची जीफोर्स, एएमडीची रेडिऑन आणि २०२२ पासून इंटेलची आर्क. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले नाव मात्र बहुधा चौथ्याचेच असते. असूस आणि गिगाबाइट दोन्ही बाजूंची कार्डे बनवतात. झोटॅक, गॅलॅक्स, इनो३डी फक्त एनव्हिडियाची. सॅफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स फक्त एएमडीची. चिप तीच असेल तर या मंडळींच्या कार्डांच्या वेगातला फरक खेळताना जाणवतही नाही. फरक पडतो तो पंखे, हीटसिंक, लांबी, आवाज आणि वॉरंटीत. त्यामुळे "असूस चांगले की एएमडी?" हा प्रश्नच चुकीचा जुळलेला आहे, आणि तो आम्हाला रोज विचारला जातो.

आता पीसीकडे वळू. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाइप केले की प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोन्हींची नावे समोर येतात. ती कागदावर लिहून घ्या. कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसते त्याची पिढी यावरून कळते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर, तसेच ए३२० किंवा बी४५० बोर्डावरचे एएमडीचे रायझन प्रोसेसर, हे सगळे कार्डाला फार तर तिसऱ्या पिढीचा स्लॉट देतात. रायझन ५ ५६००जी आपल्याकडे खूप खपला. तो बी५५० या नव्या बोर्डावर बसवला तरी कार्डाला तिसरी पिढीच देतो, कारण मर्यादा प्रोसेसरमध्येच आहे. रायझन ५ ८५००जी तर कार्डासाठी चारच लेन (माहिती जाण्या-येण्याच्या वाटा) सोडतो. स्लॉट लांबीला पूर्ण दिसतो म्हणून फसायला होते.

इथेच दोन ब्रँडांत खरा फरक निघतो. एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे आठ लेनची आहेत, एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचे आहे. तिसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला साधारण १ जीबी माहिती जाते. म्हणजे जुन्या बोर्डावर पहिल्या दोघांना सेकंदाला ८ जीबीचा रस्ता मिळतो आणि तिसऱ्याला १६ जीबीचा. कार्डाची स्वतःची मेमरी पुरेशी असेल तोवर हा रस्ता फारसा वापरातच येत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस सगळे छान चालते. अडचण मेमरी भरल्यावर सुरू होते.

मेमरीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. आरटीएक्स ५०६० ची ८ जीबी जीडीडीआर७ मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. गेमला ९ किंवा १० जीबी लागली की वरची माहिती पीसीच्या साध्या रॅममध्ये जाऊन पडते आणि दर वेळी त्या ८ किंवा १६ जीबीच्या रस्त्याने आणावी लागते. पडद्यावर त्याचा परिणाम दोन तऱ्हांनी दिसतो. एकतर चित्र क्षणभर अडखळते, किंवा गेम गुपचूप टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) खालच्या दर्जाचे करतो आणि भिंती-चेहरे मेण ओतल्यासारखे दिसू लागतात. सरासरी एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा (फ्रेमांचा) आकडा मात्र बरेचदा चांगलाच राहतो. म्हणून तुलना वाचताना सरासरीशेजारचा 'एक टक्का लो' (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग) हा आकडा पाहावा. अडखळणे तिथे उघडे पडते.

आमचे मत स्पष्ट आहे. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळायचे असेल तर ८ जीबी भरपूर झाली. मोठे, कथाप्रधान, नवे गेम पुढची चार वर्षे खेळायचे असतील तर ८ जीबीचे नवे कार्ड कोणत्याही ब्रँडचे घेऊ नये. जून २०२५ मध्ये आरएक्स ९०६० एक्सटी बाजारात आले तेव्हा ८ जीबीची किंमत २९९ डॉलर आणि १६ जीबीची ३४९ डॉलर होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआयची ३७९ आणि ४२९. दोन्हीकडे दुप्पट मेमरीसाठी फक्त ५० डॉलर जास्त. हे ५० डॉलर वाचवण्यासारखे नाहीत.

रुपयांचा हिशेब घरी करता येतो. डॉलर ८८ रुपये धरला तर ३४९ डॉलर म्हणजे ३०,७१२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ३६,२४०. याच रीतीने ४२९ डॉलरचे कार्ड सुमारे ४४,५५० ला पडते. दुकानातला भाव याहून बराच वर असेल तर तो त्या वेळच्या टंचाईचा भाव आहे हे ओळखावे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढल्यामुळे असे आता वारंवार घडते, आणि जास्त मेमरीच्या कार्डांना त्याची झळ आधी बसते. वरच्या हिशेबात या दोन १६ जीबी कार्डांमध्ये आठ हजारांचा फरक निघतो. साध्या खेळात आरटीएक्स ५०६० टीआय थोडे पुढे असते, पण आठ हजारांइतके नाही. केवळ गेम खेळणाऱ्याला, विशेषतः जुन्या बोर्डावर, आम्ही आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी सुचवू. फरक दोन-तीन हजारांवर आला तर एनव्हिडियाकडे वळायला हरकत नाही.

आठ हजार जास्त मोजूनही एनव्हिडियाच घ्यावे अशी कारणे आहेत, आणि ती खरी आहेत. घरातला विद्यार्थी ब्लेंडर वापरत असेल, व्हिडिओ एडिटिंग शिकत असेल किंवा इंजिनिअरिंगच्या प्रकल्पासाठी मशीन लर्निंगचे प्रयोग करत असेल तर क्यूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून असली कामे करून घेणाऱ्या तिच्याच प्रणालीवर, चालणारी सॉफ्टवेअरे इतकी आहेत की एएमडीवर तेच काम करताना निम्मा वेळ जुळवाजुळवीत जातो. रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबे खऱ्यासारखी दाखवण्याची पद्धत) पूर्ण चालू ठेवून सायबरपंक २०७७ सारखा गेम खेळायचा असेल तरी तेच. उलट पीसीवर लिनक्स असेल तर एएमडीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या गाभ्यात, कर्नेलमध्येच येतो, वेगळे काही बसवावे लागत नाही.

एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर या शब्दांवरून मुलांमध्ये फार वाद होतात. दोन्हींत गेम कमी पिक्सेलमध्ये काढून मोठा करून दाखवला जातो. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर 'क्वालिटी' निवडले की कार्ड प्रत्यक्षात ७२० पिक्सेलचेच चित्र काढत असते. एवढ्या कमी माहितीतून चित्र उभे करण्यात डीएलएसएस वर्षानुवर्षे पुढे होते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एफएसआर ४ ने हे अंतर बरेच कमी केले, पण एएमडीने ते आरएक्स ९००० मालिकेच्या कार्डांसाठी आणले. त्यामुळे "एएमडी स्वस्त मिळतेय" म्हणून आज नवे आरएक्स ७६०० घेणाऱ्याने त्यावर एफएसआर ४ चालते का हे आधी तपासावे. डीएलएसएसचे चित्र सुधारणारे नवे रूप मात्र २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपर्यंत मागे जाऊन चालते.

फ्रेम जनरेशन हा प्रकार वेगळा. त्यात दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये संगणकाने तयार केलेल्या फ्रेमा घातल्या जातात. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी देईल असे सांगितले, ते अशा वाढीव फ्रेमा धरून. मूळचे ३० एफपीएस १०० दिसू लागले तरी माउस हलवल्यावर हाताला जाणवणारा उशीर ३० चाच राहतो, किंचित वाढतोही. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तर ही सोय सुंदर आहे. कमकुवत कार्डाला सबळ करण्यासाठी ती उपयोगाची नाही, आणि जाहिरातीतला स्तंभालेख वाचताना फ्रेम जनरेशन चालू होते का हे आधी शोधावे.

इंटेलला ग्राहक विचारातच घेत नाहीत, ते योग्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलेल्या आर्क बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे. नव्या बोर्डावर, सहा कोअरच्या चांगल्या प्रोसेसरबरोबर ते त्या भावात उत्तम आहे. जुन्या पीसीसाठी मात्र घेऊ नये. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागतेच, ती इंटेलच्या दहाव्या पिढीपासून आणि रायझन ३००० पासून पुढे अपेक्षित आहे. शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. रायझन ५ २६०० सारख्या प्रोसेसरबरोबर तेच कार्ड परीक्षणातल्या आकड्यांपेक्षा बरेच मागे पडते. कार्ड तेच, नाव तेच, आणि निकाल वेगळा.

एसएमपीएसविषयी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याविषयी, आम्हाला सर्वांत जास्त कळकळ आहे, कारण ब्रँडांची अर्धी बदनामी इथून होते. गेमचा मेनू नीट चालतो, लढाई सुरू झाली की पीसी काळा पडून आपोआप रीस्टार्ट होतो. घरचे म्हणतात, एएमडीचे कार्ड खराब निघाले. बदलून एनव्हिडियाचे आणले तर तेही तसेच करते. दोष असतो कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसचा. त्याच्या अंगावरचे स्टिकर वाचा. '५०० वॉट' हे मोठे अक्षर सोडून द्या आणि १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉटच खरे, कारण कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३६ च्या आसपास आकडा असतो. कार्डाचा सरासरी खप १६० वॉट असला तरी काही मिलिसेकंदांसाठी तो बराच वर उसळी मारतो, आणि हलका एसएमपीएस त्या उसळीला घाबरून बंद होतो. आरएक्स ९०६० एक्सटी साठी ४५० वॉट, आरटीएक्स ५०६० साठी ५५०, ५०६० टीआय साठी ६००, तर आरएक्स ९०७० एक्सटी साठी ७५० वॉट अशी कंपन्यांची शिफारस आहे. ती अस्सल वॉटची आहे, स्टिकरवरच्या वॉटची नव्हे.

वायरींबाबत तीन चुका कार्ड जाळतात. प्रोसेसरची आठ पिनची वायर चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन अशी. दोन्ही दिसायला सारख्या, पण आत धन-ऋण उलटे. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवू नये. दुसरी चूक, एका कंपनीच्या मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावणे. कार्डाकडचे टोक सारखे असते, एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येकाची आपली. तिसरी म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीवरून आठ पिन काढणारा तीस रुपयांचा अडॅप्टर. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉट सोसते, आठ पिनच्या जोडणीतून कार्ड १५० वॉटपर्यंत ओढते. प्लास्टिक वितळणारच. दोन आठ पिन लागणाऱ्या कार्डाला शक्यतो दोन स्वतंत्र वायरी द्याव्यात, एकाच वायरीचे दोन फाटे नकोत.

महागड्या आरटीएक्स कार्डांवरचा सोळा पिनचा छोटा कनेक्टर ऑक्टोबर २०२२ पासून वितळण्याच्या घटनांमुळे गाजतो आहे. नंतर त्यात सुधारणा झाली, आतल्या संवेदक पिना आखूड केल्या, जेणेकरून तो पूर्ण बसल्याशिवाय कार्डाने वीज ओढू नये. तरीही तो टक् आवाज येईपर्यंत दाबावा आणि कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटर वायर सरळ ठेवून मगच वळवावी. चाळीस हजारांच्या आतल्या बहुतेक कार्डांना साधा आठ पिनच असतो, आणि आमच्या मते ही त्यांची जमेची बाजू आहे.

वीज जाते त्या गावांत यूपीएसचाही विचार हवा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. नव्या कार्डासह गेम चालू असताना मॉनिटर धरून पीसी ३०० च्या वर सहज जातो, आणि वीज गेली की यूपीएस किंचाळून बंद पडतो. कार्डाबरोबर १,००० व्हीएच्या पुढचा यूपीएस अंदाजपत्रकात धरावा, किंवा गेम यूपीएसच्या भरवशावर खेळू नये.

उन्हाळ्याचे गणितही आपल्या राज्यात वेगळे आहे. कार्डांची परीक्षणे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, आणि कार्डाचे तापमान जवळपास तितक्याच अंशांनी वर सरकते. परीक्षणात ६८ वर थांबलेले कार्ड तिथे ८३-८५ ला पोचून स्वतःच वेग कमी करते. काच लावलेल्या बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये तर आणखी लवकर. अशा ठिकाणी तीन पंख्यांचे मोठे कार्ड घेण्याला अर्थ आहे, तसेच समोर जाळीचे कॅबिनेट आणि हवा आत घेणारे दोन पंखे. दोन्ही ब्रँडांत कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते. ती १५ टक्क्यांनी उतरवली तर वेग थोडासाच घटतो आणि उष्णता चांगली उतरते. कोकण आणि गोव्यात शत्रू दमट, खारी हवा आहे. तिथे कार्डाच्या सोनेरी पट्टीवर डाग दिसले तर खोडरबर घासण्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरावे. गंज चढलेल्या कार्डाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

वॉरंटीवरून आठवले. मुख्य चिपचा ब्रँड ठरल्यावर खोक्यावरचा ब्रँड निवडताना आम्ही एकच गोष्ट पाहायला सांगतो : त्याचे सर्व्हिस सेंटर किंवा जमा करण्याचे ठिकाण आपल्यापासून किती लांब आहे. सोलापूर, नांदेड किंवा रत्नागिरीच्या ग्राहकाला कार्ड कुरिअरने पाठवावे लागणार असेल तर मूळ खोके आणि आतला फोम जपून ठेवावा लागतो, आणि वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी कोणाची हे आधीच विचारावे लागते. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणी केल्यावर वॉरंटीची मुदत वाढवतात, पण नोंदणीलाही मुदत असते. अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असे नाही, हे त्यांना सांगण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावे. रंगीत दिवे आणि जास्त क्लॉकसाठी (चिपच्या किंचित वाढीव वेगासाठी) पाच-सहा हजार जादा मोजू नयेत. तेवढ्या पैशांत बहुधा वरच्या पायरीची चिप येते.

एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात, हा प्रकार दोन्ही बाजूंना चालतो आणि तो थांबायला हवा. जीटी १०३० हे जीडीडीआर५ मेमरीसह सेकंदाला ४८ जीबी वेगाचे होते, डीडीआर४ मेमरीचे त्याच नावाचे कार्ड १७ पेक्षाही कमी. आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे कार्ड १९२ बिटचे (बिट म्हणजे मेमरीच्या वाटेची रुंदी), नंतरचे ८ जीबीचे १२८ बिटचे. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी रूपात मेमरीच नव्हे तर कोअरही कमी आहेत, २,५६० ऐवजी २,३०४. जुन्या बाजारात आरएक्स ५८० म्हणून बरेचदा '२०४८एसपी' हे कमी कोअरचे रूप मिळते. बिलावर नुसते 'आरटीएक्स ३०६०' लिहिलेले असेल तर ग्राहकाला भांडायला जागाच उरत नाही.

सेकंडहँड कार्डाविषयी थोडक्यात. इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे मायनिंग (कार्डांना अखंड गणिते करायला लावून चलन मिळवणे) १५ सप्टेंबर २०२२ ला संपले आणि त्या काळात राबलेली कार्डे अजून फिरत आहेत. मायनिंग झालेले कार्ड वाईटच असे नाही, पण त्याचे पंखे झिजलेले आणि थर्मल पॅडमधून तेल सुटलेले असू शकते. विकत घेण्याआधी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहावे. जुन्या चिपला नवे नाव दिलेली बरीच बनावट एनव्हिडिया कार्डे ते ओळखते. नंतर अर्धा तास पूर्ण भार देऊन पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी येतात का ते बघावे. जीटीएक्स १० मालिका आता घेऊ नये : ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने तिच्यासाठी गेमचे नवे ड्रायव्हर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट उरले. त्यातच २०२५ मधला डूम : द डार्क एजेस यांसारखे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाहीत, आणि या मालिकेत ते नाही.

कार्ड बदलताना, विशेषतः ब्रँड बदलताना, जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा. इंटरनेटची वायर काढा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा, डीडीयू हे साधन चालवून 'काढा आणि बंद करा' निवडा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. इंटरनेट चालू राहिले तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवते आणि दोन ड्रायव्हरांची झटापट सुरू होते. मग पीसी बंद करून, प्लग काढून, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबूनच जुने कार्ड उचला. ती तुटली की नव्या कार्डाचे वजन मोकळे लोंबते आणि कालांतराने स्लॉटजवळ पट्टीला चीर जाते. नवे कार्ड बसेल का हे त्याआधी टेपने मोजलेले असावे. तीन पंख्यांची कार्डे ३०० ते ३३० मिलिमीटर लांब असतात, आणि जुन्या कॅबिनेटमधला हार्डडिस्कचा पिंजरा बरोबर तिथेच आडवा येतो.

मॉनिटरची वायर नव्या कार्डाला लावा. ती मदरबोर्डालाच राहिली म्हणून "कार्ड चालत नाही" अशी तक्रार घेऊन येणारे खूप असतात. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'अबव्ह ४जी डीकोडिंग' आणि रिसायझेबल बार चालू करा. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करावे लागते, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद करताच पीसी सुरू होणे थांबते. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलून घ्यावी. शेवटी जीपीयू-झेडमध्ये, भार चालू असताना, स्लॉटच्या लेन आणि पिढी तपासा. भार नसताना कार्ड वीज वाचवायला पिढी उतरवते, तो बिघाड नव्हे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडा हाताने निवडावा लागतो. मॉनिटरवर फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमांशी जुळवणारी एएमडीची सोय) लिहिले आहे म्हणून एएमडीच घ्यावे असेही आता राहिलेले नाही. जानेवारी २०१९ पासून डिस्प्लेपोर्टवरून एनव्हिडियाची कार्डेही असे मॉनिटर चालवतात.

आणि हे सगळे करण्याआधी एक साधी तपासणी. पीसीत ८ जीबी रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच पट्टी आधी घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, जोडी ५१.२. व्हॅलोरंटसारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसर आणि रॅमवर जास्त चालतात. ज्याला तेवढेच खेळायचे आहे त्याच्या घरचे तीस हजार तिथेच वाचू शकतात.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. सणाच्या दिवसांत आपल्या तंत्रज्ञान पानावर कार्डांचे भाव छापताना प्रत्येक कार्डापुढे मेमरी किती जीबी, किती बिटची, किती लेनची आणि लागणारा एसएमपीएस किती वॉटचा, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात. दुकानदार बंधूंनीही बिलावर चिपचे नाव, मेमरी, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून द्यावा. ग्राहकाने खोके उघडण्याआधी तो अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि उघडल्यावर कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरशी ताडून, तिन्हींचा एकत्र फोटो काढून ठेवावा. तीन वर्षांनी शाई उडालेल्या बिलापेक्षा तोच फोटो कामी येतो.

आपले,
संगणक जुळणी व दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे